नाव कोरलेले पेनड्राइव्ह

भाचीचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. घाऊक दुकानाच्या काउंटरवर फोटोमामा एक लाकडी पेनड्राइव्ह बोटांत फिरवून पाहत होता आणि नवरी मुलगी शेजारी उभी राहून त्याची बाही ओढत होती.

“मामा, आधी एकच घे. घरी नेऊन काठोकाठ भर. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर शेवटची फाइल उघडून बघ. चालली, तर पेटीभर घे.”

“का? वर लिहिलंय की चौसष्ट जीबी.”

“वर काहीही लिहितात. आत जागा आठचीच असते, पण कॉम्प्युटरलासुद्धा चौसष्ट दाखवतात. आठ भरले की पुढचं सगळं हवेत. फाइलचं नाव तेवढं दिसत राहतं.”

“ताई, लग्नाच्या खरेदीला आलात की धाड घालायला?” दुकानदार हसत म्हणाला. मग त्याने मामाकडे मोर्चा वळवला. “साहेब, पेटी घेतलीत तर प्रत्येकावर स्टुडिओचं नाव कोरून देतो. फुकट.”

त्याने कोरलेला एक नमुना पुढे ठेवला. अक्षरं बारीक, सुबक, कडा जळक्या तांबूस. मामाचं नाव आजवर फक्त दुकानावरच्या पत्र्याच्या पाटीवर होतं, तेही निम्मं उडालेलं.

“तुझा पहिला फोटो मी काढलाय,” तो भाचीला म्हणाला. “आता तू मला शिकवणार?”

“त्या फोटोत माझं डोकं कापलंय, मामा.”

दुकानदार खो खो हसला. मामाही हसला, पण त्याचे कान तापले. त्याने पेटीच घेतली.

लग्न थाटात झालं. मामाने सकाळपासून रात्रीपर्यंत एकट्याने चित्रण केलं, कुणाला कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. रात्री जेवणं आटोपल्यावर मामाच्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान, म्हणजे नवरीचे वडील, हातात पाण्याचा पेला घेऊन उभे राहिले. हा माणूस मुळात घुमा. पण त्या रात्री बोलत सुटला. लेक चार वर्षांची असताना तिने त्यांचे नवे जोडे भंगारवाल्याला देऊन फुगा कसा घेतला, आणि ते चपला घालून कचेरीत कसे गेले, हे सांगताना सगळा मांडव हसून लोळला. शेवटी ते लेकीकडे वळून काहीतरी हळू बोलले आणि अक्काने डोळ्यांना पदर लावला.

मामाने ते सगळं टिपलं. मग सगळ्या नातेवाइकांसाठी पेनड्राइव्ह भरले. प्रत्येक भरून झाला की पहिलं मिनिटभर चालवून बघायचा, बाकीच्या फायलींची नावं मोजायचा आणि पेनड्राइव्ह त्याच्या लाकडी डबीत ठेवून द्यायचा. पुढच्या कामाला जागा हवी होती, म्हणून कॅमेऱ्याची कार्डं पुसली, कॉम्प्युटरही मोकळा केला. एवढ्या घरांत प्रत आहे म्हटल्यावर आपल्याकडेही एक पेनड्राइव्ह असला की पुरे, असा त्याचा सरळ हिशेब.

पावसाळ्यात भावोजींच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दुसऱ्या एका लग्नाचं गिऱ्हाईक स्टुडिओत आलं आणि त्याने लाकडी डबी टेबलावर आपटली. “सकाळचं दिसतंय. पुढं नुसता अंधार. हे तुमचंच नाव ना?”

गिऱ्हाईक गेल्यावर मामाने शटर अर्धं ओढलं. भाचीच्या लग्नाचा स्वतःजवळचा पेनड्राइव्ह लावला. सकाळ होती. दुपार अर्ध्यात थिजली. रात्रीच्या फाइलचं नाव होतं, तिचा आकडा होता, आत काही नव्हतं. त्याने चारपाच नातेवाइकांना फोन लावले, सहज विचारल्यासारखं विचारलं. सगळीकडे तेच. “अरे, आम्हाला वाटलं आमच्याच टीव्हीचं काहीतरी बिनसलंय,” एक मावशी म्हणाली. “तुला कशाला उगाच बोलायचं!”

अक्काकडे जाताना वाटेत त्याने बऱ्याच सबबी जुळवल्या. वीज गेली होती. व्हायरस आला. दाराशी पोचेपर्यंत एकही टिकली नाही.

भावोजी खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, गळ्याला पांढरी पट्टी. त्याला पाहून त्यांनी हात वर केला. अक्काने चहा आणला आणि बसायच्या आतच सुरू झाली.

“बरं झालं आलास, धाकट्या. आता तूच समजाव ह्यांना.”

“काय झालं?”

“त्या रात्रीचं बोलणं ऐकायचंय मला. मला ते टीव्हीत खुपसायला जमत नाही, म्हणून ह्यांना सांगते. तर सकाळचं दाखवतात आणि रात्रीचं आलं की काढून घेतात. मान हलवतात. स्वतःचा आवाज ऐकवत नाही म्हणे! अरे, तुम्हाला नाही ऐकवत, पण मला ऐकायचाय ना?” तिचा आवाज चिरकला. “परवा तर मी भांडले. दिवसभर बोलले नाही ह्यांच्याशी. तसंही घरात बोलणारी मीच एकटी.”

मामाने कप खाली ठेवला. बशीवर चहा सांडला.

“अक्का, ते असं आहे की...”

भावोजींनी खुर्चीच्या हातावर बोटाने टकटक केलं. मामाने वर पाहिलं. ते त्याच्याकडेच बघत होते, आणि त्यांनी मान हलवली. अगदी थोडी, डावीकडून उजवीकडे. मग ते अक्काकडे वळले, कपाळाला आठ्या घातल्या आणि नको म्हणून हात उडवला, हट्टी माणसासारखा.

“बघितलंस? हे असं,” अक्का म्हणाली.

मामाने सांडलेला चहा रुमालाने पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिला.

“राहू दे, अक्का,” तो म्हणाला. “नसेल ऐकवत त्यांना.”

जाताना भावोजी दारापर्यंत आले. मामाला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. तो वाकून चपलेचा पट्टा लावत बसला. भावोजींनी त्याच्या पाठीवर एक थाप मारली आणि दार लोटलं.

त्यानंतर कितीतरी दिवस तो तिकडे फिरकला नाही. फोनवर कामाचं निमित्त सांगायचा.

पुन्हा त्या घरी गेला तेव्हा खिडकीपाशी खुर्ची नव्हती. भेटायला आलेले पाहुणे पांगले होते. भाची आत कपाट आवरत होती. अक्काने टीव्हीच्या फळीवरून लाकडी डबी उचलली, उघडली आणि पेनड्राइव्ह त्याच्या तळहातावर ठेवला.

“आता नको म्हणणारं कुणी नाही, धाकट्या. लाव.”

त्याने मूठ मिटली. आत भाचीच्या हातातला हँगर वाजायचा थांबला.

“अक्का,” तो म्हणाला, “ते हट्टी नव्हते गं.”

त्याने अक्कासाठी एक खुर्ची ओढली आणि स्वतः समोर जमिनीवर बसला.

भावोजी उन्हाळा लागता लागता गेले. लेकीच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.