दाराबाहेरची आरती

वर्षभर ज्या यंत्राला शिव्या घालायच्या, त्याचीच खंडेनवमीला जावयासारखी बडदास्त ठेवायची, ही आपली रीत. काशीगावातल्या परेशभाईंच्या लेबलं छापायच्या गाळ्यातही तेच चाललं होतं. तिथे यंत्रांवरची शाई पुसायला आयपीए नावाचं अल्कोहोल वापरतात. एरवी फडकं जरासं ओलं केलं की काम होतं. पण सणाचा उत्साह जराशावर भागतो थोडाच! तिथे कामाला असलेल्या क्षितिजा आणि हिनाने सकाळपासून कॅन रिकामे करून यंत्रं, टेबलं, एवढंच काय, लादीसुद्धा आयपीएने घासून लखलखीत केली होती. वर धूळ नको म्हणून खिडक्या लावल्या आणि दारही ओढून घेतलं.

सुरक्षेचं काम बघायला नुकतीच लागलेली गिरिजा त्या दिवशी घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकून उशिरा पोचली. दाराजवळ येताच आयपीएचा उग्र वास तिच्या नाकात शिरला. आयपीएची वाफ हवेहून जड. ती जमिनीलगत सरपटत दाराखालून बाहेर येते, आणि बाहेर दिवा भेटला की जाळ उलटा आत पळतो.

आणि दिवा येतच होता. गेटाजवळच्या देवळीत निरांजन लावून हौसाबाई ताट घेऊन निघाल्या होत्या. मागे परेशभाई आणि सगळी मंडळी. भाईंदरच्या कोळीवाड्यातल्या हौसाबाई गाळ्यातल्या सगळ्यात जुन्या. पहिली आरती त्यांचीच. क्षितिजा त्यांची सून.

गिरिजा धावत त्यांच्या पुढ्यात गेली. "मावशी, थांबा! मागे व्हा, गेटाकडे!"

"का गो? मुहूर्त चाललाय. देवाला ताटकळत ठेवायचं न्हाय."

"आत वाफ भरलीय. दिवा पुढे न्यायचा नाही."

"अरे गिरिजाबेन," परेशभाई वैतागले, "हर साल आपण आत आरती करतो. आजपर्यंत काय झालं? सणाच्या दिवशी अपशकुन कशाला?"

"झालं नाही हे आपलं नशीब, शेठ. आज मी नशिबावर सोडणार नाही."

"साइडला व्हा. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

नोकरी गिरिजाला हवीच होती, कुणाला नको असते? पण ती तसूभर हलली नाही. दोन्ही हात पसरून वाटेतच उभी राहिली. "उद्याचं उद्या बघू. आज दिवा पुढे जाणार नाही."

हौसाबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण पोरगी हटेना, तेव्हा पुटपुटत का होईना, त्या गेटाकडे परतल्या. मंडळींमधला स्वप्नील मदतीला म्हणून पंखा लावायला निघाला, तशी गिरिजा कडाडली, "बटणाला हात लावू नकोस! बटणातही ठिणगी पडते. दार आणि खिडक्या उघड."

दार उघडलं. आतून आधी हिना खोकत बाहेर आली. "ताई, क्षितिजा अंदर है," ती कशीबशी म्हणाली, "उसको चक्कर आ रहा है."

गिरिजा तोंडाला रुमाल लावून आत घुसली आणि क्षितिजाला खांद्याचा आधार देऊन बाहेर घेऊन आली. क्षितिजाची ओढणी आयपीएने चिंब, डोळे लाल, पाय एकीकडे आणि तोल दुसरीकडे.

"माझी सून आत व्हती?" हौसाबाईंनी विचारलं. "मला वाटलं, समदी बाहेर हायेत."

त्या ताटासकट धावत सुटल्या. गिरिजा ओरडणार, एवढ्यात त्या आपणहून थबकल्या. हातातल्या ज्योतीकडे पाहिलं, सुनेच्या ओल्या ओढणीकडे पाहिलं. मग तिथेच दोन बोटांनी वात चिमटून विझवली, ताट स्वप्नीलच्या हातात कोंबलं आणि जाऊन सुनेला छातीशी धरलं.

परेशभाईंनी हळूच विचारलं, "मौसी, आरती?"

"व्हईल गेटावर. आधी पोरीला बरं वाटू दे." मग हौसाबाई गिरिजाकडे वळल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "तू दारात उभी ऱ्हा, पोरी. दिवा घेऊन कुनाला आत सोडू नको. मला पन न्हाय."