ताईकडची पिल्लं

शेडचं दार उघडलं आणि धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. आदल्या संध्याकाळी खाद्यावर तुटून पडलेली बदकाची पिल्लं भुशात आडवी झाली होती. काही पाय झाडत होती, काहींच्या माना पार पाठीकडे वळून ताठरल्या होत्या. तिने एक उचललं, चोचीला पाणी लावलं, तर ते हातातच गार झालं.

डॉक्टरांनी येऊन एक मेलेलं पिल्लू चिरलं. यकृत सुजलेलं, वर लाल डागच डाग.

“विषाणू आहे. मोठी बदकं निभावून नेतात, पिल्लं पटापट जातात. गेल्याच आठवड्यात तुमच्या ताईंकडे हेच पाहिलं. बोलल्या नाहीत त्या?”

बोलली नव्हती. पिल्लं मात्र परवाच तिने स्वतः आणून दिली होती. वर “तुझ्यासाठी निवडून ठेवलीत गं” असंही म्हणाली होती.

डॉक्टरांनी बजावलं म्हणून धाकटीने बूट घासले, कपडे बदलले. घासता घासता तळपायाची आग मस्तकात गेली.

ताईच्या उबवणी केंद्रासमोर टेम्पो उभा होता. भाऊजी पिल्लांचे क्रेट चढवत होते.

“ही कुठे चाललीत?”

“अगं, आधी बस तरी. चहा...”

“चुलीत घाला चहा!”

ताई बाहेर आली आणि धाकटीचा चेहरा बघूनच समजली. “तुझीपण गेली? मला वाटलं, तुझ्याकडे तगतील. तुझ्या हाताला गुण आहे ना.”

“तोंड शिवलं होतं का तुझं? एक फोन करता आला नाही?”

“हळू बोल. शेजारी ऐकतील.”

“ऐकू देत!”

ती टेम्पोच्या फाळक्यावर ठाण मांडून बसली. भाऊजींनी समजावलं, मग दरडावलं. ती हलली नाही. तिथूनच तिने डॉक्टरांना फोन लावला, मग ओळखीच्या एकेका बदकवाल्याला. “माझ्या सख्ख्या बहिणीकडची पिल्लं घेऊ नका,” म्हणताना दर वेळी आवाज चिरकत होता.

दुपारी जनावरांच्या दवाखान्याची माणसं आली आणि केंद्राला टाळं लागलं. ताईने तिच्याकडे पाहिलंही नाही.

घरी नवऱ्याने मागच्या अंगणात खड्डा खणून ठेवला होता. “जरा सबुरीने घ्यायचंस,” तो म्हणाला. “बहीण आहे तुझी.”

“म्हणूनच तर!” ती कडाडली आणि खड्ड्यातल्या मेलेल्या पिल्लांवर चुना ओतू लागली.