कोरी काच

वसईजवळच्या गास गावातल्या ज्युलियसला केळीचा घड जरी कुणी दिला तरी तो आधी मागची फणी बघायचा. विड्याच्या पानांची करंडी घेताना वरची पानं उचलून हात थेट तळाशी घालायचा, कारण व्यापारी वर टवटवीत पानं लावतात आणि खाली सडकी दडवतात हे त्यानं जन्मभर पाहिलं होतं. संशयाला औषध नाही म्हणतात. ज्युलियसला ते नकोच होतं. संशयानंच आपली वाडी राखली असं त्याचं ठाम मत होतं.

अशा माणसाच्या घरात त्याच्या लेकीचं, क्लाराचं लग्न निघालं आणि पोरीनं फोटोवाला मागितला.

इंग्रज जाऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण गावात लग्नाचे फोटो काढणारी घरं अजून थोडीच होती. क्लाराला मात्र स्वतःच्या मिरवणुकीचं कौतुक नव्हतं. तिची आई ती रांगत असतानाच गेली, आणि मागे एकही फोटो राहिला नाही. आईचा चेहरा कसा होता हे क्लाराला लोकांना विचारावं लागे. तिला वाढवलं ते ज्युलियसच्या थोरल्या बहिणीनं, लूर्डस आत्यानं. ती आत्या आता अंथरुणाला खिळली होती. क्लारानं बापाला एवढंच सांगितलं, की बाकी काही काढा न काढा, आत्याबरोबरचा एक फोटो मला हवाच.

विरारला हरेश्वर नावाचा फोटोवाला होता, मूळचा अर्नाळ्याचा. ज्युलियस त्याच्याकडे गेला तो मनात लिडियाची गोष्ट घेऊनच. लिडिया शेजारची, तिच्या लग्नात फोटोवाल्यानं सगळ्या पाहुण्यांना उभं केलं, दिवा लखलखवला, आणि हातात पडले मोजके फोटो. बाकीच्या वेळी फोटोच्या पेटीत, ज्या काचेवर चित्र उतरतं ती काचच नव्हती म्हणे. ज्युलियसनं तसं तोंडावर विचारलं. हरेश्वर हसला आणि म्हणाला, की ते खरं आहे, सगळेच करतात. मांडवात प्रत्येकाला फोटोत यायचं असतं, नाही म्हटलं तर रुसतात. म्हणून घरच्यांनी कोणते फोटो खरे हवेत ते आधी सांगून ठेवावं.

दुसऱ्या कुणाला हा माणूस सरळ वाटला असता. ज्युलियसला वाटलं, चोर आपणहून वाट दाखवतोय. तरी आत्याचा फोटो खरा हवा असं बजावून त्यानं त्यालाच ठरवलं.

लग्नाच्या दिवशी ख्रिस्ती देवळातून वरात परतली. नवरा ॲन्सेल्म घामाघूम झाला होता. आत्याला स्वच्छ लुगडं नेसवून खुर्चीसकट अंगणात आणलं. तिनं फोटो कधी काढलाच नव्हता. कुठं बघायचं म्हणून तिनं दोनदा विचारलं. क्लारा तिच्या खांद्याला गाल लावून बसली. हरेश्वरनं काळ्या कापडात डोकं घातलं, दिवा लखलखला, आणि आत काच असलेली चपटी लाकडी डबी त्यानं पेटीतून काढून पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात वेगळी ठेवली. ज्युलियस डोळ्यांत तेल घालून बघत होता.

मग फोटोवाला पंगतीला बसला. ज्युलियस पिशवीपाशी गेला, डबीचं सरकतं झाकण त्यानं करंडीतली पानं उचलावीत तसं वर ओढलं आणि आत पाहिलं. काच होती. पण दुधासारखी पांढुरकी, कोरी. आत्या नाही, क्लारा नाही, कुणीच नाही. त्यानं झाकण नीट लावलं. आपला संशय खरा ठरला याचा त्याला, खरं सांगायचं तर, आनंदच झाला. मांडवात तमाशा नको म्हणून तो गप्प बसला. फोटो घेऊन येऊ दे, चारचौघांत पकडू असं त्यानं ठरवलं.

फोटो यायच्या आधी आत्या गेली.

तिच्या सातव्या दिवसाच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, घर माणसांनी भरलेलं असताना हरेश्वर आला. फोटो क्लाराच्या हाती देऊन तो हात जोडून म्हणाला, की आत्याचा तेवढा बिघडला, काच धुतली तर सबंध काळी निघाली, का ते कळत नाही.

ज्युलियस ह्याचीच वाट बघत होता. "बिघडला काय? त्यात काही नव्हतंच. मी माझ्या डोल्यांनी बघितलं."

"कधी बघितलं?"

"तू जेवत होतास तवा. झाकन उघडून. कोरी काच होती."

हरेश्वरचा चेहरा उतरला. मग हळू आवाजात त्यानं सगळ्यांना समजावलं, की काचेवरचं चित्र औषधात धुतल्याशिवाय दिसत नाही आणि तोवर तिला उजेड लागू द्यायचा नसतो. लागला की सगळं जळतं. "आत्या होती त्यात," तो म्हणाला. "चांगली आली असती."

ज्युलियसला हात कुठं ठेवावेत कळेना. आपल्याच हातांची त्याला भीती वाटली. क्लारा चिडेल, रडेल असं त्याला वाटलं. तसं झालं असतं तर सोपं गेलं असतं. ती जवळ आली आणि तिनं अगदी साधं विचारलं.

"बा, तुम्ही उघडलंत तवा आत्या जराशी तरी दिसली का?"

ज्युलियस नाही म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, आणि ती असती तर बरं झालं असतं असं त्याला जन्मात पहिल्यांदा वाटलं.