काड्यापेट्यांचं गाव

बोलायला उभी राहिली की प्रणिता थांबायचीच नाही. गेल्या सालापर्यंत ‘हजर’ म्हणतानाही मान खाली घालणारी पोर. पण वक्तृत्वात एक बक्षीस काय मिळालं, तोंडाला जणू पाटच फुटला. शहाण्णवच्या जानेवारीत सिरसाळ्याच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन भरलं, तेव्हा सगळ्यात जास्त गर्दी तिच्या टेबलाभोवती.

तिने केला होता कॅल्डेरा. म्हणजे खचलेला प्राचीन ज्वालामुखी. लाकडी खोक्यात फुटबॉलचा फुगवलेला ब्लॅडर आणि त्यावर राखेचा, मुरमाचा डोंगर. ब्लॅडर म्हणजे पोटातला शिलारस. तो बाहेर पडून गेला की वरच्या डोंगराला आधार उरत नाही. छप्पर बसतं, भोवती गोल भेगा पडतात आणि मागे राहते उभ्या कडांची, गुळाच्या काहिलीसारखी प्रचंड खोलगट जागा. हे सगळं ती एका दमात सांगायची. पण नुसता डोंगर बसला तर टाळ्या कोण पिटणार? म्हणून तिने वर काड्यापेट्यांची घरं मांडली होती. रंगवलेली, दारं कापलेली.

तिने हवा सोडली. घरं कलली, आत गेली, वरून मुरूम सांडला. पोरी हसल्या, टाळ्या पडल्या, पुन्हा दाखव म्हणाल्या. प्रणिताही हसली.

तेवढ्यात गर्दीतून एक हात आला आणि मुरूम उकरायला लागला. शाळेत पाणी भरणाऱ्या छबुबाईचा. तिची लेक किल्लारीकडं दिलेली, त्र्याण्णवच्या भूकंपात घराखाली गेलेली. शाळेत हे कुणाला ठाऊक नव्हतं? प्रणितालाही होतं. फक्त आठवलं नव्हतं. छबुबाईने एकेक पेटी बाहेर काढली, फुंकून माती उडवली, पदरात घेतली. निघून गेली.

प्रणिताचे कान तापले. ती घरं परत मागायची कोणत्या तोंडाने? तोवर तपासणीचे साहेब आलेच. तिने घाईने ब्लॅडर फुगवून वर मुरूम रचला, हवा सोडली. डोंगर तसाच बसला, ओकाबोका. वर वस्ती का दाखवली नाही, साहेबांनी विचारलं.

“सर, तेव्हा माणूस जन्मालाच आला नव्हता.”

साहेब खूश. इतकं काटेकोर उत्तर तालुक्यात ऐकलं नाही म्हणाले आणि पहिला नंबर तिथंच देऊन टाकला. टाळ्या वाढत गेल्या तशी तिची मान खाली खाली गेली. पोर लाजली, असं वर्गाच्या बाई कौतुकाने म्हणाल्या.

संध्याकाळी छबुबाई शाळेमागं पाहुण्यांचे कप घासत होती. प्रणिता जवळ जाऊन बसली. माफीची वाक्यं वाटेत चांगली जुळवली होती. एकही वर येईना. तिने एक कप उचलला.

“मावशी, ताईचं नाव काय होतं?”

छबुबाईने वर पाहिलं. “आता काहून इचारतीस?”

ह्या बाईच्या हातचं पाणी रोज प्यायलं, आणि कधी विचारलं नाही. प्रणिता कप घासत राहिली.

“मथुरा,” छबुबाई म्हणाली. “मथी म्हणायचो आमी.” मग तिच्या हाताकडं बघून, “धुतलाय त्यो. दुसरा घे.”