उजव्या पायातला बूट

वालीवच्या आपल्या कारखान्यात हंसाबाईंनी तीस वर्षे कामगारांचे बूट घडवले होते. वरचे चामडे, कडेची पट्टी आणि आतला तळवा मेण पाजलेल्या दोऱ्याने एकत्र शिवायचा आणि मग त्या पट्टीला खालचा जाड तळ शिवायचा, ही त्यांची रीत. आपल्या हातचा तळ सुटल्याचे सांगणारा माणूस त्यांना अजून भेटायचा होता.

मुलगा अल्पेश मात्र नव्या यंत्राचा हट्ट धरून बसला होता. चामडे साच्यावर चढवायचे, खाली पातळ रसायन सोडायचे. ते फुगून घट्ट झाले की तळ चामड्याला कायमचा धरतो. ना दोरा, ना टाका. शेवटी निवाडा कसा करायचा ते हंसाबाईंनीच ठरवले. अल्पेशने महिनाभर डाव्या पायात यंत्राचा बूट घालावा, उजव्या पायात त्यांचा. ज्याचा तळ आधी उघडेल तो हरला.

पंचविसाव्या दिवशी दुपारी मायलेक आणि सून रीमा नायगावच्या खाडीकाठच्या शेतावर होते. उधाणाचे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधातल्या उघाडीची, म्हणजे पाण्याच्या दाराची, लोखंडी फळी खाली सोडायची होती.

"आधी खाली उतर. गाळ काढल्याबिगर फळी बसायची नाय," हंसाबाईंनी फर्मावले.

अल्पेश खाडीच्या बाजूने उतरला. त्याच क्षणी फळी धरून ठेवणारी गंजकी साखळी तुटली आणि फळी त्याच्या उजव्या पायावर आली.

बुटाच्या नाकातल्या पोलादी टोपीने बोटे चिरडू दिली नाहीत, पण दबलेल्या टोपीची मागची कड पावलात रुतली. वरून पोलाद, खालून तळ, मध्ये पाऊल. नाड्या सोडून झाल्या, ओढून झाले. रीमा पहार आणि माणसे आणायला धावली. वस्ती बरीच लांब होती, भरती तेवढी लांब नव्हती.

"आये, तुझा बूट खरंच सुटत नाय गो," कमरेपर्यंत पाण्यात उभा असलेला अल्पेश म्हणाला. "जाहिरातीत माझाच फोटो लाव."

हंसाबाईंनी फळीला दोन्ही हात घातले. आजवर त्यांच्या एका शब्दासरशी माणसे हलली होती. फळी तसूभरही हलली नाही.

पाणी त्याच्या छातीला लागले.

कारखान्यातून त्या तशाच निघाल्या होत्या. कमरेच्या पिशवीत चामडे कापायची रापी होती. साडी खोचून त्या पाण्यात उतरल्या, श्वास धरून खाली वाकल्या आणि चिखलात बोटांनी बूट चाचपला. चामडे आणि पट्टी यांच्यामधली ती फट त्यांना डोळ्यांनी पाहायची गरज नव्हती. रापीचे टोक तिथे घातले. दोरा तुटेना. मेण पाजताना कामगारांना त्यांनीच बजावले होते, याला पाण्याने काही होता कामा नये. झाले नव्हते.

एक टाका तुटला. दुसरा. त्या वर आल्या, खोकल्या, पुन्हा खाली गेल्या.

"आये, तू वर जा. पानी वाढतंय."

"गप उभा राहा. तोंड वर कर."

टाच मोकळी झाली, मग आतली बाजू, मग बाहेरची. पाणी अल्पेशच्या हनुवटीला टेकले तेव्हा तळ मागून लोंबला होता. हंसाबाईंनी तो दोन्ही हातांनी चिखलात दाबला.

"खाली दाब पाय! आनि ओढ मागं!"

पुढचे उरलेले टाके चरचरत तुटले. पाऊल खालून निसटले. दोघे बांधावर येऊन कोसळले, तेव्हा कुठे रीमा पहारवाल्यांना घेऊन पोचली.

पावलातून रक्त वाहत होते, पण पाचही बोटे हलत होती. रीमाने ओढणीने पाय बांधला.

"उघडला तुझा बूट," धापा टाकत अल्पेश म्हणाला. "हरलीस. यंत्रवाल्याला काय कळवू?"

हंसाबाई उठून बसल्या. त्यांनी त्याच्या डाव्या पायातला बूट काढून मांडीवर घेतला आणि नख टाचेपासून कडेकडेने फिरवायला सुरुवात केली. रापी शिरेल एवढी जागा त्या शोधत होत्या. नख सगळीकडून फिरून पुन्हा टाचेशी आले. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.