बाबांचा ब्रेक

विठ्ठलरावांनी उभा जन्म खोपटच्या डेपोतून एसटी चालवली आणि निवृत्त होताना एक खोड घरी घेऊन आले. दुसरा कुणी गाडी चालवत असला की त्यांचा उजवा पाय गप्प बसत नसे. रिक्षा असो की नवरदेवाची सजवलेली मोटार, समोर काही आडवं आलं की पाय खाली दाबलाच. नसलेला ब्रेक ते अगदी मनापासून मारत. मुलगा विनीत तर वैतागून म्हणायचा, "चालवतो मी आणि थांबवतात हे!" चालत्या गाडीत त्यांचा डोळा लागलेला घरात कुणी कधी पाहिला नव्हता.

आणि नेमका अशा माणसाचा होकार त्यांच्या सुनेला, योगिनीला, हवा होता.

कारण कृतिका. योगिनीची ही आठ वर्षांची लेक ज्या व्हॅननं शाळेत जायची, तिच्या ड्रायव्हरला पुढे कुणी दिसलेलं खपत नसे. एकदा बसला ओव्हरटेक करताना त्यानं असा करकचून ब्रेक दाबला की कृतिकाचा ओठ पुढच्या सीटवर आपटून फाटला. त्या दिवशी योगिनी संतापून म्हणाली, "मीच चालवते व्हॅन." बोलणं सोपं असतं, पण ही बाई बोलून थांबली नाही. जुनी व्हॅन आली, लायसन आलं, कागदपत्रं झाली. डोंबिवलीतल्या त्यांच्या बिल्डिंगमधले बाकीचे आईबाप मुलं पाठवायला तयार झाले, पण एका अटीवर. आजोबा हो म्हणाले तरच. जून तोंडावर आला तरी आजोबा काही हो म्हणेनात.

शिकवण्यात मात्र त्यांनी कसूर केली नाही. रोज सकाळी शेजारी बसायचे आणि सांगायचे, "बोलत चालव. दिसलेलं तोंडातून निघालं म्हणजे ध्यानात आलं." मग मानपाडा रोडवर योगिनीची टकळी सुरू. "मोटार उभी आहे, दार उघडेल. बसपुढून कुणी तरी येईल. आजी थांबल्यात, पण बघत नाहीयेत." बरोबर असलं की बाबा "हं" म्हणत. चुकलं की काही बोलत नसत, पाय बोलायचा. एकदा पाटीवर चाळीस बघून तिनं काटा चाळिसावर नेला, तेव्हा म्हणाले, "अगं, ताटातलं वाढलेलं संपवायचं असतं, पाटीवरचं नाही. गर्दी आहे, वीसनं चल."

मेच्या शेवटच्या रविवारी मुरबाडकडे निघाले दोघं. बाबांचे जुने कंडक्टर नाथाभाऊ तिकडे गावी राहतात, त्यांच्याकडे आमरसाचं जेवण होतं. विनीतची ड्यूटी होती, म्हणून गाडीत सासरा-सूनच. आज बाबांकडून होकार काढायचाच, असं योगिनीनं मनाशी घोकलं होतं.

शहाडचा पूल ओलांडला, वरप गेलं, आणि पुढे एक डंपर रांगत होता. मागचे हॉर्न वाजवून जीव खात होते. तेवढ्यात डंपरचा उजवा इंडिकेटर लागला.

"साइड देतोय," योगिनी म्हणाली आणि गाडी उजवीकडे काढली.

बाबांचा पाय धाडकन खाली गेला. डंपर साइड देत नव्हता. तो स्वतःच उजवीकडे, खडीच्या क्रशरच्या रस्त्याला वळत होता. त्याचं धुळीनं माखलेलं चाक खिडकीच्या उंचीचं, थेट समोर. योगिनीनं ब्रेक दाबला. व्हॅन थरथरून उभी राहिली. डंपर वळून निघून गेला, त्या ड्रायव्हरला काही कळलंही नसेल.

तिनं गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. मागची सीट रिकामी होती, पण तिला तिथे सगळी पोरं बसलेली दिसत होती.

"बाबा, नको मला ही व्हॅन. तुम्ही हो म्हणत नव्हता तेच बरोबर होतं."

बाबांनी पाण्याची बाटली पुढे केली. "साइड देणारे तसाच इंडिकेटर दाखवतात आणि वळणारेही तसाच. साइड त्याची असते पोरी, नजर आपली पाहिजे. त्यानं ये म्हटलं तरी आपल्याला दिसल्याशिवाय जायचं नाही." मग म्हणाले, "पी पाणी. रस शिळा होईल."

जेवताना नाथाभाऊंनी विचारलंच. "काय ड्रायव्हरसाहेब, सून कशी चालवते?"

योगिनीचा घास हातातच राहिला.

"ब्रेक चांगला मारते," बाबा म्हणाले आणि वाटी पुढे केली.

ही तारीफ की टोमणा, ते तिला कळेना. परतीला तिनं किल्ली त्यांच्यासमोर धरली. त्यांनी ती घेतलीच नाही, सरळ डावीकडे जाऊन बसले आणि चपला काढून ठेवल्या.

रायत्याचा पूल गेला. पुढे पेंढ्याचा ट्रक, रस्ता झाकून डुलत चाललेला. त्याच्या ड्रायव्हरनं खिडकीतून हात काढला. ये, ये.

"हात दाखवतोय," योगिनी मोठ्यानं म्हणाली, "पण पुढे वळण आहे. मला दिसत नाही. थांबते."

"हं" आलं नाही. मागून एकानं हॉर्नवर हातच ठेवला. वाजव रे, तुझा हॉर्न, तुझी बॅटरी. वळणावरून एक जीप सुसाट आली आणि गेली. योगिनी बोलतच राहिली.

"वळण संपलं. समोर लांबवर मोकळं आहे. आरशात बघितलं, मागचा मागेच आहे. इंडिकेटर. निघते." ट्रक मागे पडला. "अख्खा ट्रक आरशात दिसतोय. आता डावीकडे. बाबा, बरोबर ना?"

उत्तर नाही. आता मात्र ती धास्तावली. मोकळा रस्ता बघून तिनं पटकन डावीकडे नजर टाकली.

बाबा झोपले होते. तोंड उघडं, मान खिडकीला, आणि तो जन्माचा बेचैन उजवा पाय मांडीवर दुमडून घेतलेला.

योगिनीचे डोळे भरून आले, तिनं ते लगेच पुसले, रस्ता दिसायला हवा होता. "थँक्यू, बाबा," ती हळूच म्हणाली. डोंबिवलीपर्यंतचा प्रत्येक गतिरोधक तिनं तान्ह्या बाळाला पाळण्यात ठेवावं तसा ओलांडला.

व्हॅन गेटात शिरली तशी कृतिका धावत आली. ओठावरचा व्रण ताणून ओरडली, "आई! आजोबा हो म्हणाले?"

योगिनीनं तोंडावर बोट ठेवलं.

"हो म्हणाले."

"कधी?"

"रायत्याच्या पुलानंतर," योगिनी कुजबुजली. "हळू बोल. अजून म्हणतायत."