कफनाच्या पेटीतला हेडफोन

मित्रांनो, मी एक बिनतारी हेडफोन आहे. मोठा, दोन्ही कान झाकणारा. जुना म्हणवून घ्यावं इतकं काही माझं वय नाही. माझ्याबरोबर जन्मलेले भाऊबंद अजून कुठेकुठे मजेत गाणी ऐकवत असतील. मी मात्र संपलो. माझ्या पोटातली बॅटरी मेली. मला कुणी आपटलं नाही, पाण्यात पाडलं नाही. मला जपलं, आणि त्या जपण्यानेच माझा घात केला. माझं बोलणं थोडं कडवट वाटेल, पण त्याला इलाज नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. माझ्यात एकदा शिट्टी वाजवून पाहिली, पोटात अर्धं चार्जिंग भरलं आणि खोक्यात घातलं, एवढंच. मला विकत घेतलं ते इस्तंबूलमध्ये, जांगिल नावाच्या किरगिझ बाईने. ती तिथे अंथरुणाला खिळलेल्या एका तुर्की म्हातारीची सेवा करते. तिला भरवते, पुसते, कुशीवर वळवते. तिची स्वतःची म्हातारी आई मात्र दूर मायदेशी, आत-बाशीच्या खोऱ्यात. जांगिलच्या राहण्याचे कागद केव्हाच संपलेत. एकदा बाहेर पडली की पुन्हा आत घेणार नाहीत, आणि गावातलं घर तर तिच्याच पगारावर चालतं. म्हणून ती गावी जातच नाही. गावाकडे निघालेल्या एका मैत्रिणीच्या हाती तिने मला सोपवलं आणि बजावलं, "नीट ने गं बाई. यात माझ्या आईचे कान आहेत."

तिच्या आईचं नाव बुरुल. अख्ख्या खोऱ्यात ती कोशोक गाण्यासाठी प्रसिद्ध होती. आमच्याकडे माणूस गेलं की घरच्या बायका तंबूत बसून त्याच्यासाठी गाऊन रडतात. त्याचे गुण, त्याच्या खोडी, त्याचा घोडा, सगळं त्या गाण्यात येतं. त्यालाच कोशोक म्हणतात. ज्या घरात गाणारं कुणी नसेल ते घर बुरुलला बोलावी. तिने रडवलं नाही असा माणूस खोऱ्यात सापडायचा नाही. आणि अशा बाईचे कान गेले हो! जवळ येऊन मोठ्याने बोललं तरच तिला कळे. फोनवर मुलगी बोले, ही नुसतं "काय? काय?" करी, आणि शेवटी वैतागून फोन सुनेच्या अंगावर टाकी.

सून कुंदूज. बालवाडीत शिकवते. तोंडाने फटकळ, पण सासूचा तिच्यावाचून एक दिवस जात नसे. तिनेच मला बुरुलच्या रुमालावरून कानांवर चढवलं.

"हा काय घोड्याचा लगाम घालतेस मला?" बुरुल ओरडली.

"लगामच हवा तुम्हाला, आई. बसा गप्प जरा!"

तेवढ्यात माझ्यातून जांगिलचा आवाज गेला. बुरुल एवढ्या मोठ्याने किंचाळली की अंगणातलं कुत्रं उठून उभं राहिलं. "जांगिल! अगं, तुला सर्दी झालीय!"

मित्रांनो, मी त्या दिवशी धन्य झालो. सर्दीसुद्धा पोचवली मी! पलीकडे जांगिल हसत होती की रडत होती, ते मलाही नीट कळलं नाही.

पुढचा काळ सुखाचा गेला. रोज संध्याकाळी चहा झाला की बुरुल मला कानांवर चढवी आणि मायलेकींचं सुरू होई. कोणाची मेंढी व्याली, कोणाची सून रुसली, तुर्कांच्या चहात दूध का नसतं. माझी देखभाल कुंदूज करी. बुरुलचं प्रेम जरा आडदांड. मला चार्जिंगला लावलं की ती मला उचलून चुलीशेजारच्या तापलेल्या ओट्यावर ठेवी.

"गारठलाय बिचारा," ती म्हणे.

"आई, ते कोकरू नाही!" कुंदूज मला खाली घेई. "असे तापवलेत तर लवकर मरेल तो."

ती मला पुरता रिकामा होऊ देत नसे, आणि भरलो की लगेच तार काढी. तिला हे कुणी शिकवलं होतं कोण जाणे. तिच्या हाती राहिलो असतो तर आजही बोलत असतो.

मग शरद ऋतूत शेजारचा म्हातारा वारला. त्याच्या मुली परदेशात. एकीलाही येता आलं नाही. तंबूत शेजारणी गायल्या, बुरुलही गायली, पण पोटच्या पोरीचा एकही सूर नव्हता. घरी आल्यावर बुरुल जेवली नाही. संध्याकाळी मला कानांवर घातलं आणि सरळ म्हणाली, "जांगिल, माझं कोशोक गा."

"आई, वेड लागलंय का? जिवंत माणसाचं कोशोक गातात का कुणी? जीभ झडेल माझी."

"मी मेल्यावर येणार आहेस तू?"

माझ्यातून फक्त जांगिलचा श्वास ऐकू जात होता.

"बघ. मग मला रडणार कोण? ही कुंदूज? ही बालवाडीतली बदकाची गाणी म्हणेल!"

"ऐकू येतंय बरं का मला," कुंदूज पीठ मळता मळता म्हणाली.

"आयुष्यभर मी लोकांची मढी रडले," बुरुल म्हणाली. "माझ्यासाठी माझी लेक काय गाईल, ते मला ऐकायचंय. एवढंच मागतेय."

जांगिलने खूप आढेवेढे घेतले. शेवटी कबूल झाली, पण एका अटीवर. गाणं ती पाठवील, मात्र आईने ते लगेच ऐकायचं नाही. अगदी जायची वेळ आली की मगच ऐकायचं. आधी ऐकलं तर अपशकुन, आणि त्याचं पाप जांगिलच्या माथी. बुरुलला अट पटली. तीही जुन्या रीतीतलीच बाई.

काही दिवसांनी गाणं फोनवर आलं. कुंदूजने ते एकदा बाहेर जाऊन ऐकलं आणि डोळे पुसतच आत आली, पण सासूला अक्षर सांगितलं नाही. आणि इथूनच माझे दिवस फिरले.

बुरुलच्या मनाने घेतलं की मला आता त्या दिवसासाठीच राखायचं. "रोज वापरून झिजला तर तेव्हा काय करू?"

"आई, तो बूट आहे का झिजायला?"

पण ऐकते कोण! हिवाळ्याआधी घोडीच्या दुधाची चामडी पिशवी जशी ठेवून देतात तसंच तिने माझं केलं. त्या पिशवीत थेंब जरी राहिला तरी ती कुजते, म्हणून तिला निथळून, सुकवून, धुरी देऊन ठेवतात. बुरुलने मला गाणी लावून पार रिकामा केला. दिवा विझला, तरी पुन्हा बटण दाबून पाहिलं की पोटात काही उरलं तर नाही ना. मग जुनिपरच्या फांद्यांची धुरी दिली.

"आता धुरी! उद्या मीठही लावाल," कुंदूज म्हणाली. "अहो, थोडं चार्जिंग असू द्या त्याच्यात. आणि मधूनमधून मला काढून द्या, मी भरत जाईन."

"माझ्या पेटीला हात लावायचा नाही!"

ती पेटी तिच्या मरणाची होती. आमच्याकडच्या म्हाताऱ्या सगळी तयारी स्वतःच करून ठेवतात. तिच्यात तिचं कफन होतं, माणसं येतील त्यांना वाटायचे कापडाचे तुकडे होते, साबणाची नवी वडी होती. त्यांच्यात पांढऱ्या फडक्यात गुंडाळून मला ठेवलं. किल्ली तिने वेणीच्या टोकाला बांधली. पेटी बिनचुलीच्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीला टेकलेली. त्या दिवसापासून मायलेकींचं बोलणंही संपलं. जांगिलचा फोन आला की कुंदूज सासूच्या कानाशी तोंड नेऊन ओरडे, "बरी आहे म्हणते!" आणि बुरुल मान डोलावी. एवढंच.

लोकांना वाटतं, बंद पडलेल्या वस्तूला भूक लागत नाही. लागते हो! मी नुसता पडून होतो तरी कणाकणाने खर्च होत होतो, आणि आधीच रिकामा असलेला मी अजून कुठून खर्च होणार? एक पातळी असते, तिच्या खाली गेलो की आम्ही परत येत नाही. पहिल्याच हिवाळ्यात, भिंतीला बर्फ धरलं तेव्हा, मी तिच्या खाली गेलो. त्यानंतर एक अख्खा उन्हाळा आणि आणखी एक हिवाळा मी मेलेलाच त्या पेटीत होतो. बुरुल मात्र अधूनमधून येऊन पेटीवर हात फिरवी. आत माझ्यात तिची लेक गात बसली आहे, असंच तिला वाटत असावं.

बर्फ वितळायला लागलं आणि बुरुलने अंथरूण धरलं. डॉक्टर येऊन मान हलवून गेला. एका दुपारी तिने स्वतः वेणी पुढे ओढली, किल्ली सोडली आणि कुंदूजच्या हातात दिली. तिचा चेहरा किती उजळला होता म्हणून सांगू! सणाला निघालेल्या पोरीसारखा.

कुंदूजने मला तारेला लावलं. दिवा लागला नाही. तार बदलली. दुसऱ्या खोलीतल्या प्लगला लावून पाहिलं. काखेत धरून ऊब दिली. "पेट रे, मेल्या, पेट!" ती मला शिव्या देत होती आणि मी काही करू शकत नव्हतो. मला तार जोडून ऐकायची सोयही नाही. फोन दुरुस्त करणारा शेजारी एर्मेक धावत आला. त्याने मला उघडलं आणि म्हणाला, "वहिनी, बॅटरी फुगलीय. नवी नारीन शहरात मिळेल. उद्या आणतो."

"उद्या?" कुंदूज म्हणाली. तिने आतल्या अंथरुणाकडे पाहिलं.

एर्मेकने स्वतःची कानात घालायची बोंडं आणली. बुरुलने वाट पाहिली, मग मान हलवली. त्यांचा बारीक आवाज तिच्या कानांपर्यंत पोचतच नव्हता. शेवटी कुंदूजने एका कानाने फोनवरचं गाणं ऐकत एकेक ओळ सासूच्या कानात ओरडायला सुरुवात केली. रडत रडत, गळ्याच्या शिरा ताणून.

"भांडतेस का गं?" बुरुल क्षीण आवाजात म्हणाली. "मला जांगिल लाव."

तेच तिचं शेवटचं बोलणं. दिवस मावळायच्या आत ती गेली.

अंगणात तंबू उभा राहिला. बायका रीतीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि कुंदूजने फोन मधोमध ठेवून जांगिलचं कोशोक लावलं. तंबूत कुणाचे डोळे कोरडे राहिले नाहीत. बाहेर काठीला टेकून उभे असलेले पुरुषही रडले. एक म्हातारी म्हणाली, "असं कोशोक मी जन्मात ऐकलं नाही." मी तिथेच होतो, तंबूत आणून ठेवलेल्या उघड्या पेटीत. माझ्याभोवतीचं सगळं सामान ज्याच्या त्याच्या कामाला गेलं होतं.

मग जांगिलचा फोन आला. "वहिनी, आईने ऐकलं ना?"

कुंदूजने एकदा माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात कुणाशी गोड बोलली नसेल ती बाई. "ऐकलं," ती म्हणाली.

"सगळं? चुका काढल्या असतील तिने."

"काढल्या ना. म्हणाली, शेवटी घाई केलीस."

"खरंच केली गं," जांगिल म्हणाली आणि हुंदके द्यायला लागली. "मालकीणबाईंनी हाक मारली होती."

मित्रांनो, आम्हाला रिकाम्या पोटी ठेवून देऊ नका. अर्ध्या चार्जिंगवर ठेवा, आणि दोनतीन महिन्यांनी काढून थोडं भरा. चुलीवर तापवू नका, बर्फात गोठवू नका. सगळ्यांत बरं म्हणजे रोज वापरा. आम्ही वापरून झिजतो ते खरं, पण तोवर कुणाला तरी कुणाचा तरी आवाज ऐकू येत असतो. एर्मेक दुसऱ्या दिवशी नारीनहून नवी बॅटरी घेऊन आला होता. तंबू पाहून तो फाटकातूनच परत गेला.